अळ्यांची शेगडी

त्या सकाळी शेडात अळ्या झोपल्या होत्या आणि शेगडी पेटत नव्हती. बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं. माझ्या घरात त्या दिवशी याच्यापेक्षा मोठं काहीच नव्हतं.

अळ्या म्हणजे रेशमाच्या. आमच्या नेकनूरच्या बाजूला आता बऱ्याच जणांनी तुती लावलीय. तुतीचा पाला तोडायचा आणि शेडात रॅकवर अळ्यांना घालायचा. खाऊन खाऊन त्या बोटाएवढ्या होतात आणि मग स्वतःभोवती कोष विणतात. मधे मधे अळी कात टाकते. त्याच्या आधी ती खाणं सोडते, मान वर करते आणि मातीच्या चित्रासारखी गप बसते. याला आम्ही मोल्टला बसणं म्हणतो. तेव्हा तिला पाला लागत नाही, पण कोरडी जागा लागते आणि ऊब लागते. गारठा शिरला की निम्म्या अळ्या आज उठतात, निम्म्या परवा. मग बारक्या आणि मोठ्या एकात एक होतात, रोग पडतो आणि सगळी बॅच उकिरड्यात पुरावी लागते.

ही बॅच पुरून चालणार नव्हतं. का, ते सांगतो.

तुती माझ्या बायकोनं लावली. तिनं आणि मी सगळी उमर ऊसतोडीत काढली. दसरा झाला की कारखान्याची वाट धरायची, उन्हाळ्यात परत यायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला मुकादम अर्धा कोयता म्हणतो आणि तसाच बघतो. पोटात पोर असताना तिनं मोळ्या वाहिल्या. त्यामुळं घरात सून आली तेव्हा तिनं एकच गोष्ट धरून ठेवली, की ही पोर उसाच्या फडात जाणार नाही. त्याच्यासाठी तिनं तुती लावली, शेड उभं केलं, सुनेला हाताशी धरून सगळं काम शिकवलं. सून घरी राहिली म्हणून नात शाळेत राहिली. आमच्या घरात तुतीचा हा असा हिशेब होता.

बायको या पावसाळ्यात गेली. ताप आला, उतरला, परत आला आणि घेऊन गेला. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाही. लिहिता येत नाही आणि लिहून ती येणार नाही.

मुलगा ट्रॅक्टरवर चालक म्हणून कारखान्याला गेलता. त्याचा फोन आला, की आई होती तोवर ठीक होतं, आता तुमच्यानं आणि हिच्यानं अळ्या निघणार नाहीत. तो म्हणाला, "दादा, ही बॅच बघतो. ही पडली तर बागेवर नांगर घालतो. मुकादम म्हणतोय, पुढच्या दसऱ्याला जोडीनं या."

पोरगा वाईट नाही. त्यानं जे लहानपणापासून बघितलं तेच त्याला पक्कं वाटतं. सून चुलीपाशी बसली होती, तिनं भाकर थापायची थांबवली आणि परत थापायला लागली. फोनचा आवाज मोठा होता, तिला सगळं ऐकू गेलतं.

म्हणून ही बॅच मी जिद्दीनं धरली. थंडी पडायच्या आधी शेड पक्कं केलं. बायको खिडक्यांना नुसती गोणपाटं टांगायची. गोणपाटातून वारा येतो हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. शेजारच्याच्या शेततळ्यात अंथरायचा जाड काळा प्लास्टिकचा कागद उरला होता, तो मागून आणला आणि सगळ्या खिडक्यांवर पट्ट्या मारून ठोकला. पत्र्याखाली झरोक्यांची रांग होती, तीसुद्धा बुजवली. दाराच्या फटीला चिंध्या कोंबल्या. मुंगी शिरणार नाही असं काम झालं. मनात तिला म्हटलं, बघ, तुझ्यापेक्षा पक्कं केलं.

शेगडी तिच्या भावानं दिलेली. तो फौजेत होता, बर्फाच्या मुलखातून रिटायर होऊन आला तेव्हा सामानात ही घेऊन आला. आमच्याकडं तिचं काय काम, म्हणून बहिणीला देऊन टाकली. लोखंडी पेटी, खाली चाकं, मागच्या बाजूला आत गॅसची टाकी बसते. पुढं चिनी मातीच्या जाळीच्या फरश्या, त्या लाल होऊन ऊब देतात. बटण दाबून धरलं की आधी एक बारकी ज्योत पेटते, ती थोडी तापली की बटण सोडायचं, मग फरश्या पेटतात. धूर नाही, राख नाही. धूर अळ्यांना सोसत नाही म्हणून आम्हाला ती बरी. विजेचा हिटर आमच्या कामाचा नाही, कारण वीज तिच्या मर्जीनं येते.

तर त्या सकाळी आभाळ आलं होतं आणि नारायणगडाकडून बोचरं वारं सुटलं होतं. अळ्या मोल्टला बसल्या होत्या. शेडात बायकोनं टांगलेली, ऊब मोजायची पाऱ्याची काच आहे. बायको माझ्यासारखीच कमी शिकलेली, आकडे बारीक, म्हणून तिनं काचेला एक लाल दोरा बांधून ठेवला होता. पारा दोऱ्याच्या खाली उतरला की शेगडी लावायची, एवढं सोपं. पारा दोऱ्याच्या बराच खाली गेलता. मी बटण दाबलं. ठिणगी पडली, पण ज्योत धरेना. परत दाबलं. अंगठा दुखायला लागला, ज्योत नाही.

सून म्हणाली, "मामा, टाकी संपली आसंल."

टाकी हलवली तर भरलेली. नळी बघितली, कुठं चेपली नव्हती. साबणाचा फेस करून जोडांना लावला, कुठं बुडबुडा नाही. मग डोळे बारीक करून ज्योतीच्या जागेकडं बघितलं तर ती सगळी पांढरी. चुना. अळ्या मोल्टला बसल्या की खालचा पाला सुकावा म्हणून आम्ही वरून चुन्याची भुकटी धुरळतो. मी आदल्या दिवशी मोठ्या हौसेनं धुरळली होती, आणि शेगडी तिथंच उघडी उभी होती. अळ्यांच्या आधी शेगडीच चुन्यानं माखली.

टाकी बंद केली, शेगडी ढकलत अंगणात आणली. सून सुई आणायला निघाली. मी नको म्हणालो. सुईनं भोक मोठं होतं आणि मग ज्योत भडकते, हे स्टोच्या जमान्यात सगळ्यांनी करून बघितलंय. दात घासायचा मऊ ब्रश घेतला, चुना झाडला, आणि सायकलचा पंप लावून फुंकर मारली. तिनं पंप धरला, मी नळी धरली. पांढरा धुरळा उडाला तो सगळा माझ्या मिशीवर. सून तोंडाला पदर लावून हसली. सासू गेल्यापासून ती हसलेली मी पहिल्यांदा बघितली.

बटण दाबलं आणि निळी ज्योत एका झटक्यात धरली. फरश्या लाल झाल्या. मला वाटलं, जिंकलो.

शेगडी आत नेली, दार लावलं. चहा झाला तेवढ्यात सून आत जाऊन आली आणि म्हणाली, "मामा, विझली."

परत पेटवली. जळाली, ज्योत पिवळी पडत गेली आणि थोड्या वेळानं विझली. तिसऱ्यांदा त्याच्याही आधी विझली. घरातल्या स्वयंपाकाच्या गॅसची टाकी काढून लावली, तरी तेच. ज्योतीसमोर एक तांब्याची काडी असते, ती तापलेली राहिली तरच गॅस चालू राहतो. ती काडी घासून लख्ख केली. तरी तेच. म्हटलं अंगणात नेऊन नीट बघू. अंगणात आणली, पेटवली, तर जळतच राहिली. वाऱ्यात जळतेय, थंडीत जळतेय, कोंबड्या येऊन शेकत बसल्या तरी जळतेय. आत नेली की विझली.

नेकनूरच्या स्टो दुरुस्तीवाल्याला सुनेनं फोन लावला. तो म्हणाला, असली शेगडी मी कधी उघडली नाही, घेऊन या, बघायला दोन-तीन दिस लागतील. त्यात त्याची चूक नाही. पण अळ्या दोन-तीन दिवस थांबत नसतात. शेडात जाऊन बघितलं, पारा अजून खाली. अळ्या मान वर करून बसलेल्या. एखाददुसरी उठून चाचपडत होती आणि बाकीच्या निपचित. जे होऊ नये ते सुरू झालं होतं.

मी अंगणात दगडावर बसलो. मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणून गप बसलो, नाहीतर तिला म्हणणार होतो, की एवढं सगळं शिकवलंस, ही एक गोष्ट सांगून का गेली नाहीस.

तेवढ्यात माझा शेजारी आला. बांधाला बांध लागून आहे. माझ्याच वयाचा, तोंडाचा माझ्यापेक्षा फाटका. तरणेपणी उन्हाळ्यात ऊस संपला की आम्ही दोघं एकाच टोळीत विहिरींचा गाळ काढायला जायचो. अंगणात शेगडी आणि भोवती कोंबड्या बघून तो फाटकातच थांबला.

"काय बे, अळ्या सोडून कोंबड्याचं बाळंतपण काढलं का?"

मी सगळं सांगितलं. आत विझते, बाहेर जळते. त्यानं शेगडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला पाय लावून बघितला.

"तुला बघून विझती ती. सुनंला पेटवू दे."

"तिनंबी पेटवली."

"मंग मेव्हण्याला परत दे. फौजेतलं सामान हाय, सायबाशिवाय ऐकत नसंल."

मला हसू आलं नाही. ते त्यानं ओळखलं. मग तो म्हणाला, एवढा कशाला हैराण होतो, माझ्याकडं कोळसे आहेत, घमेल्यात चांगले फुलवून आत ठेवू, धूर निघून गेला की निखारा अळ्यांना काही करत नाही. शेड एवढं गच्च बांधलंय तर ऊब कुठं जात नाही. लगेच गेला आणि घमेलं घेऊन आला. आम्ही अंगणात कोळसे फुलवले. वारा होता, ते चांगले लाल झाले. सून तेवढ्यात आत रॅक बघत होती. मी घमेल्याला फडकं लावून उचलायला वाकलो आणि ती दारात आली. चौकट धरून उभी राहिली. तोंड उतरलं होतं.

मी विचारलं, "काय झालं, पोरी?"

"मामा, डोकं लई चढलंय. आत गेलं की चढतं, भाईर आलं की उतरतं. सकाळपास्नं तसंच व्हतंय."

माझा हात घमेल्यावरच राहिला.

आत गेलं की चढतं, बाहेर आलं की उतरतं. शेगडीपण आत विझते, बाहेर जळते. दोघींचं दुखणं एकच.

घमेलं खाली ठेवलं आणि शेजाऱ्याला म्हणालो, "विहिरीतला कंदील आठवतो का बे?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं दाराकडं बघितलं, मग त्या काळ्या कागदाकडं, आणि त्याच्या तोंडावरची थट्टा गेली.

जुन्या, पडून राहिलेल्या विहिरीत आम्ही कधी एकदम उतरायचो नाही. आधी पेटवलेला कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं. मिणमिण करून विझला तर खाली हवा खराब आहे, जो उतरेल तो वर येणार नाही. मग लिंबाच्या फांद्यांची मोठी जुडी बांधायची, दोरीनं खालीवर करून हवा ढवळायची, परत कंदील सोडायचा. टोळीत कुणी कितीही घाई केली तरी कंदिलाच्या आधी माणूस जायचा नाही. तो कंदील खराब आहे असं आम्ही कधी म्हणालो नाही. इथं मी सकाळपासून कंदीलच दुरुस्त करत बसलो होतो.

मी शेडाची विहीर करून ठेवली होती. जाळ आतली हवा खात होता, आम्ही खात होतो, एवढ्या अळ्या खात होत्या, आणि नवी हवा यायला मुंगीएवढी वाट ठेवली नव्हती. शेततळ्याचा कागद पाणी धरून ठेवायला असतो. गोणपाटातून वारा यायचा, तो यायलाच पाहिजे होता. बायको शेगडी पेटवून सुनेबरोबर अर्धा अर्धा दिवस आत काम करायची आणि दोघी धडधाकट बाहेर यायच्या, ते त्या वाऱ्यावर. आणि शेगडी विझत होती तेच बरं होतं. विझली नसती तर काय झालं असतं, आणि मी त्या गच्च शेडात फुललेल्या कोळशाचं घमेलं घेऊन चाललो होतो.

शेजारी हळू आवाजात म्हणाला, "म्हंजी शेगडी खराब न्हाई."

"शेगडी शहाणी हाय. गाढव मी हाय."

"ते मला पयल्यापास्नं म्हाईत हाय," तो म्हणाला आणि त्यानं बादलीभर पाणी आणून कोळशावर ओतलं. कोळसे त्याचेच होते, तरी ओतलं.

सुनेला मी अंगणात बसवलं, पाणी दिलं, आत जायचं नाही म्हणून ताकीद दिली. दार सताड उघडून ठेवलं. मग आम्ही दोन म्हातारे कागदावर तुटून पडलो. ठोकताना मी खिळे असे मारले होते की निघता निघेनात. शेजारी प्रत्येक खिळ्याला माझ्या नावानं एक शिवी देत होता आणि खिळा निघत होता. झरोके सगळे मोकळे केले. दाराच्या चिंध्या ओढून काढल्या. कोठीत तिची गोणपाटं घडी घालून ठेवलेली होती, ती आणली. सून बसल्या जागेवरून सांगत होती, की आत्याबाई वरच्या बाजूला वीतभर मोकळं सोडायच्या, खाली पार टेकवायच्या, म्हणजे वारं अळ्यांच्या अंगावर येत नाही आणि वरून जातं. आम्ही तसंच केलं. माशी शिरू नये म्हणून जाळी होतीच.

आता पारा आणखी उतरला होता. शेजारी म्हणाला, झरोके उघडे टाकून ऊब राहणार आहे का. मी म्हणालो, तिनं राखली होती, आपलीपण राहील. शेगडी आत नेली, बटण दाबून धरलं, सोडलं. फरश्या लाल झाल्या. आम्ही दारात बसलो, दार अर्धवट लोटून. शेजाऱ्यानं सवयीनं तंबाखूची चंची काढली. सुनेनं नुसतं बघितलं, आणि त्यानं ती परत कोपरीत घातली. तंबाखू अळ्यांना विषासारखी बाधते, म्हणून शेडाजवळ ती चालत नाही, हा सासूचा कायदा सुनेनं पुढं चालवलेला आहे.

सकाळी ज्या वेळात विझत होती तो वेळ गेला. शेगडी जळत होती. त्याच्या दुप्पट वेळ गेला. जळतच होती, आणि ज्योत सकाळसारखी पिवळी, आळशी नव्हती, निळी आणि ताठ होती. थोड्या वेळानं मी आत जाऊन काचेकडं बघितलं. पारा हलला होता. सून मागून आली, मी तिला डोकं दुखतं का विचारलं, तर नाही म्हणाली. दिवस कलायच्या आत पारा लाल दोऱ्याला टेकला. शेजाऱ्यानं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी रॅकवर पडता पडता राहिलो.

दोन दिवसांनी अळ्या उठल्या. उशिरा उठल्या, पण सगळ्या एकदम उठल्या. त्या आधीच उठलेल्या एखाददुसऱ्या सोडा, त्या निवडून काढल्या. नव्या कातीच्या, राखी रंगाच्या, भुकेनं वळवळणाऱ्या. सुनेनं कोवळा पाला बारीक करून पहिला हप्ता घातला आणि सगळं शेड खाण्याच्या आवाजानं भरलं. मी रॅकपाशी उभा राहून तो आवाज ऐकला. शेगडी कोपऱ्यात जळत होती. चुना धुरळायच्या वेळी तिच्यावर आता आम्ही पोतं टाकतो.

मेव्हण्याला फोन केला तर तो म्हणाला, त्या शेगडीत तशी सोयच केलेली असते, हवा बिघडली की ती आपोआप बंद पडते, मी ताईला सांगितलं होतं. सांगितलं असेल. तिनं मला सांगितलं नाही, कारण सांगायची वेळच तिच्यावर कधी आली नाही.

पुढं चौथा मोल्ट झाला, मग अळ्यांचं शेवटचं खाणं, तेव्हा पाला आणून आणून आम्हा दोघांच्या कमरा मोडल्या. शेजारी रोज संध्याकाळी येऊन टोमणे मारायचा आणि बोलता बोलता पाल्याचा भारा उचलून आत टाकायचा. अळ्या पिकल्या, पिवळसर झाल्या, चंद्रिकेवर चढल्या. चंद्रिका म्हणजे प्लास्टिकची घड्याघड्यांची जाळी, तिच्यात अळी कोष विणते. कोष तयार झाले तेव्हा शेडात उभं राहिलं की चारी बाजूंनी पांढरं. टणक कोष, दाबले तर दबत नव्हते. बायकोच्या हातानं जशा बॅच निघायच्या तशी ही निघाली. त्याच्यापेक्षा चांगली म्हणत नाही, खोटं कशाला बोलू. तशीच निघाली.

कोष सोडवत बसलो होतो तेव्हा मुलाचा फोन आला. सून मला फोन द्यायला उठली. मी हात कोषांत आहेत म्हणून दाखवले आणि तूच बोल म्हणालो. माझ्यासमोर ती कधी नवऱ्याशी मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"बॅच निघाली," ती म्हणाली. "लई चांगली निघाली. बागेला हात लावायचा न्हाई. आन् मुकादमाला सांगा, पुढच्या सालीबी एकटेच येतो म्हणावं. मी हितंच हाय."

मग त्यानं विचारलं, पुढची बॅच कधी धरायची, आणि पाला पुरंल का.

"पुरंल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, की मामा, पाला काही पुरायचा नाही, खालच्या वावरात अजून तुती लावावी लागेल. मी म्हणालो, लावू. आम्ही उरलेले कोष सोडवले, आणि ऊन कमी झाल्यावर ती बागेत लावणीसाठी तुतीच्या काड्या कुठून घ्यायच्या ते दाखवायला पुढं चालली, मी विळा घेऊन मागून निघालो.